मणक्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा कयाकमध्ये

फेब्रुवारीत माझं ऑपरेशन झालं. एल 5-एस 1, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी सरकून नसेवर बसली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की सायटिका, म्हणजे नस दबल्याने कमरेतून पायात उतरणारी कळ, बहुतेकांची औषधं आणि व्यायामाने काही आठवड्यांत शमते, ऑपरेशनची घाई नको. पण माझ्या डाव्या पायातली ताकदच जायला लागली होती. चवड्यावर उभी राहायला गेले की टाच उचलतच नव्हती.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मला चालवलं. पुढचे 6 आठवडे वाकणं, वजन उचलणं, कमरेतून वळणं बंद. दुखणं लवकर गेलं, पाय मात्र मागे राहिला. फिजिओथेरपिस्टनी भिंतीला हात टेकून एका पायाच्या चवड्यावर उठायला लावलं. उजव्यावर 25 वेळा, डाव्यावर 2. ‘‘डाव्यावर 15 होईपर्यंत बोटीचं नाव काढायचं नाही हं, ताई,’’ त्या म्हणाल्या. कयाक म्हणजे पाय पुढे करून बसायची अरुंद होडी, ती वल्हवण्याचा पोटरीशी काय संबंध, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पावसाळा माझ्या पथ्यावर पडला. समुद्र बंद, गोव्यातल्या आमच्या मांडवी नदीला गढूळ लोंढा. नाहीतर मला धीर धरवला नसता. जखम पूर्ण भरल्यावर तलावात पोहायला लागले, तेही पाठीवर, कारण ब्रेस्टस्ट्रोकने कंबर मागे ताणली जाते.

ऑक्टोबरात 15 झाले आणि आम्ही मांडवीकाठी रायबंदरला गेलो. भावाने मला गाडीच्या टपावरच्या दोरीला हातही लावू दिला नाही. बरोबरच होतं त्याचं. 20-22 किलोची कयाक गाडीवरून उतरवताना माणूस वाकतो, उचलतो आणि वळतो, तिन्ही एकदम. माझं दुखणं सुरू झालं तेही असंच, पाण्यात नव्हे, काठावर. ऑपरेशन झालेल्या कुणालाही मी पहिली हीच गोष्ट सांगते: बोट दुसऱ्याला उचलू द्या.

बसण्याचंही नीट पाहावं लागलं. पाय सरळ पसरले की मांडीमागचे स्नायू ओढतात, कंबर गोल होते आणि सगळा भार गादीवर येतो. म्हणून फूटरेस्ट जवळ घेतला, गुडघे वाकलेले ठेवले, कमरेमागे टॉवेलची घट्ट गुंडाळी. भरती संपून ओहोटी लागायच्या मधली वेळ गाठली, तेव्हा पाणी ओढत नाही. फक्त 20 मिनिटं, समोरच्या चोडण बेटाच्या खारफुटीच्या दिशेने.

कयाकचं नाक सारखं डावीकडे वळत होतं. मग उलगडा झाला. ज्या बाजूचं वल्हं ओढायचं त्याच बाजूच्या पायाने फूटरेस्ट दाबायचा असतो, आणि माझा डावा पाय दाबतच नव्हता. उजवं वल्हं जोरात, डावं हलकं. मी थांबले, वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. चिखलाचा आणि खाऱ्या पाण्याचा तो वास आठ महिन्यांनी नाकात आला आणि डोळे भरून आले.

जेटस्की आणि बनाना बोटीला डॉक्टरांनी साफ नकार दिलाय, आणि मला तो पटतो. लाटेवरून उडालेली बोट खाली आपटली की बसलेल्याच्या कण्याला सरळ दणका बसतो. स्पीडबोटीत बसायची वेळ आलीच तर पुढच्या टोकाला बसू नका, मागे बसा.

आता डाव्यावर 22 होतात. गेल्या रविवारी दीड तास वल्हवलं, नाक सरळ राहिलं. उतरताना आधी कुशीवर वळते, मग भावाचा हात. डाव्या पावलाची करंगळीकडची कड अजून बधिर आहे. चिखलात पाय रुतला की बाकी तळव्याला गारवा जाणवतो, तेवढ्या पट्टीला नाही.