दोस्तोएव्हस्कीने आपले दुःख कोणाकोणाला वाटून दिले

मे 1878 मध्ये रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोएव्हस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्याने गेला. तीन वर्षे पूर्ण व्हायला त्याला तीन महिने कमी होते. अपस्मार हा बापाचा आजार. आपल्याकडून वारशाने गेलेल्या दुखण्यानेच मूल नेले, ही जाणीव त्याला पोखरत राहिली, असे पत्नी आन्नाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढच्याच महिन्यात, तिच्याच पुढाकाराने, तो तरुण तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्योव याच्यासोबत ऑप्टिनाच्या मठात गेला आणि तिथले वृद्ध साधू अम्व्रोसी यांना भेटला. ‘द ब्रदर्स करामाझोव्ह’ ही त्याची कादंबरी जानेवारी 1879 पासून मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली.

बेळगावात टिळकवाडीला आम्ही काही मंडळी रविवारी जमून ही कादंबरी वाचत आहोत. एकाने इंग्रजी अनुवाद वाचायचा आणि अडेल तिथे दुसऱ्याने मराठीत, क्वचित कन्नडमध्येही, उलगडून सांगायचे, असा शिरस्ता पडला आहे. दुसऱ्या खंडातले श्रद्धाळू बायकांचे प्रकरण आले तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज दाटून आला आणि आम्हाला थांबावे लागले. मूल गेलेली एक खेडवळ बाई लांबून झोसिमा या साधूंकडे आलेली असते. मुलाचे नाव अलेक्सेय, म्हणजे अल्योशाच, आणि वय तीन वर्षांना तीन महिने कमी. त्याची पावले घरात एकदाच दुडुदुडु वाजलेली ऐकू यावीत, एवढेच तिचे मागणे. बोलता बोलता ती उराशी जपलेला त्याचा छोटा नक्षीदार पट्टा काढते आणि तो नजरेस पडताच हुंदक्यांनी गदगदू लागते.

खानापूर तालुक्यातल्या माझ्या आजोळी मूल गेलेल्या घरी भेटायला येणारी माणसे हमखास म्हणतात, “आता आवर बाई, मागच्यांकडं बघ.” माझ्या मामीच्या ट्रंकेत एक आंगडे वर्षानुवर्षे घडी घालून ठेवलेले होते; त्याविषयी तिला कोणी कधी बोलू दिले नाही. झोसिमा मात्र त्या बाईला सांत्वन मानून घ्यायला लावत नाहीत. रडत राहा, असे सांगून ते तिला रडण्याचा हक्क देतात. अम्व्रोसी दोस्तोएव्हस्कीजवळ जे शब्द बोलले, तेच झोसिमांच्या तोंडी आले आहेत, असे आन्ना सांगते.

मग ही त्याची आत्मकथाच म्हणायची का, असे आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारले. मला तसे वाटत नाही. आत्मकथा लिहिणारा सगळे भोगणे एकाच ‘मी’च्या नावावर जमा करतो, दोस्तोएव्हस्कीने ते वाटून टाकले, आणि ही वाटणी फार कठोर आहे. गेलेल्या मुलाचे नाव त्याने कादंबरीतल्या तिघा करामाझोव्ह भावांतल्या सर्वांत निर्मळ भावाला दिले. स्वतःचे फ्योदोर हे नाव मात्र त्या भावांच्या लंपट, निर्लज्ज बापाला दिले. ज्या अपस्माराने मूल गेले तो त्याने घरातल्या स्मेर्द्याकोव या नोकराला दिला, आणि हा माणूस झटक्याचे सोंग करून त्याच्या आडून त्या बापाचा खून करतो. स्वतःच्या आजाराकडे इतक्या निष्ठुरपणे पाहणे मी अन्यत्र वाचलेले नाही. आन्नाने नोंदवलेली दोस्तोएव्हस्कीची अपराधी भावना मला तिथेच सर्वांत उघडी दिसते. सायबेरियातील चार वर्षांच्या तुरुंगवासाचाही यात वाटा आहे. ओम्स्कच्या तुरुंगात त्याला पितृहत्येचा आरोप माथी आलेला एक कैदी भेटला होता, जो पुढे निर्दोष ठरला. बापाच्या खुनाचा खोटा आळ आलेल्या थोरल्या भावाची, दिमित्रीची, कहाणी तिथून आली.

राहिला मधला भाऊ इव्हान. मठातल्या शब्दांनी दोस्तोएव्हस्कीतल्या बापाचे समाधान पुरते झाले असते, तर पाचव्या खंडातले ‘बंड’ हे प्रकरण लिहिलेच गेले नसते. निष्पाप लेकरांच्या यातनांवर उभी राहणारी कोणतीही विश्वव्यवस्था मला नको, माझे प्रवेशाचे तिकीट मी परत करतो, असे इव्हान तिथे धाकट्या भावाला सांगतो, आणि त्या भावाचे नाव अल्योशा आहे. लेखकाने इव्हानचा युक्तिवाद कुठेही दुबळा केलेला नाही. ज्यांना एवढी मोठी कादंबरी सलग वाचणे झेपणार नाही, त्यांनी निदान ही दोन प्रकरणे, आधी त्या बाईचे आणि मग इव्हानचे, एका बैठकीत वाचावीत. पुढच्या रविवारी आम्हीही ती तशीच पुन्हा वाचणार आहोत.