बाबांचा पाट आणि सहावा मजला

सोसायटीचं पत्र आलं तेव्हा बाबा आतल्या खोलीत भूप राग शिकवत होते. आईने सही करून लिफाफा घेतला आणि फीच्या वहीत खूण म्हणून ठेवला. चार दिवसांनी मी फी लिहायला वही उघडली तेव्हा तो माझ्या हाती लागला. ‘आपल्या सदनिकेत व्यावसायिक स्वरूपाचा संगीत क्लास चालत असून त्यामुळे इतर सभासदांना उपद्रव होत आहे. पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा.’ त्यातले चार दिवस तर आमच्या वहीतच गेले होते.

हे जानेवारी 2024 चं. त्याआधीचं थोडक्यात सांगते. विलेपार्ल्यात, पूर्वेला, आमचं तळमजल्यावरचं घर होतं. बाबा बँकेत होते आणि संध्याकाळी व्हायोलिन शिकवायचे. 2001 मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतल्यावर दिवसभर शिकवायला लागले. मी गाणं शिकवते. लग्नानंतर जोगेश्वरीला राहते, दुपारी दोन स्टेशनं गाठून पार्ल्याला येते. हिशेब, फी, कोण आलं, कोणी क्लास बुडवला, ते सगळं आईकडे. 2019 मध्ये इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. क्लासचं नाव काढलं की एजंट फोन ठेवायचे, त्यामुळे भाड्याचं घर मिळायलाच दोन महिने लागले. तिथे जरा बस्तान बसतंय तोवर लॉकडाऊन लागला. झूमवर तानपुरा लावला की झूम तो पंख्याचा आवाज समजून गाळून टाकायचं. ‘ओरिजिनल साउंड’ नावाचं बटण सापडेपर्यंत तीन आठवडे माझ्या क्लासच्या मुली सुराशिवाय गात होत्या. असो. 2023 च्या दसऱ्याला नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आलो. वर आणखी दोनच मजले. विमानतळ जवळ असल्यामुळे पार्ल्यात फार उंच जाता येत नाही.

पत्र वाचून बाबा म्हणाले, “तीस-पस्तीस वर्षांत एकानं तक्रार केली नाही.” हे अगदी खरं नव्हतं. जुन्या घरासमोरचे एक आजोबा दुपारी साडेतीनला खिडकीतून “अहो, निषाद उतरतोय!” असं ओरडायचे. पण लेखी तक्रार कधी आली नव्हती, हे खरं.

माझी एक मैत्रीण वकील आहे. ती म्हणाली, “यात दोन गोष्टी आहेत, त्या आधी वेगळ्या कर. एक आवाज, दुसरी घराचा वापर. दोन्हींचं उत्तर एकाच पत्रात दिलंस तर अडकशील.” आवाजाचे नियम 2000 सालचे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. आमचा क्लास साडेआठला संपतो, म्हणजे रात्रीचा प्रश्नच नव्हता. मी मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. ते कायद्यात धरत नाहीत, पण अंदाज येतो. जिन्यात, लिफ्टसमोर, गच्चीवर मोजून छान तक्ता केला. खिडकी उघडी असताना वरून विमान गेलं की आकडा आमच्या पाच व्हायोलिनांपेक्षा वर जायचा. हे मी लाल शाईने लिहिलं आणि तक्ता घेऊन सेक्रेटरींकडे गेले.

त्यांनी तो शांतपणे वाचला. म्हणाले, “ताई, विमानाला पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवू?”

मग त्यांनीच सांगितलं की तक्रार पाचव्या मजल्यावरून आहे, आमच्या बरोब्बर खालून. तिथल्या काकांचा मुलगा अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, पहाटे झोपतो आणि दुपारी उठतो. बाबांची सकाळची बॅच दहाला सुरू होते. मी काकूंना फोन करून विचारलं, “उद्या अकरा वाजता मी तुमच्याकडे येऊन ऐकू का?” त्या क्षणभर गप्प होत्या. मग म्हणाल्या, “या ना. चहा घ्या.”

दुसऱ्या दिवशी वर बाबांची बॅच चालू होती आणि खाली मी त्या मुलाच्या खोलीत, पडदे ओढलेल्या अंधारात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. व्हायोलिन जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. दूर कुठेतरी डास असावा, एवढंच. पण डोक्यावर ठक. ठक. ठक-ठक. ठक. तोच तीनताल मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबा मांडी घालून बसतात, पुढ्यात सागवानी पाट आणि हातात रूळ. मात्रा चुकली की रूळ पाटावर. मात्रा बरोबर आली तरी रूळ पाटावर.

जुन्या घरात पाटाखाली फरशी होती आणि फरशीखाली माती. इथे फरशीखाली स्लॅब, आणि स्लॅबखाली एका पोराचं डोकं. आवाज हवेतून जातो तेव्हा भिंत, दार, अंतर असं काहीतरी त्याला अडवतं. ठोका थेट स्लॅबमध्ये शिरतो, आणि मग अख्खा स्लॅबच खालच्या खोलीचा ढोल होतो. मी जिन्यात मोजत बसले होते. तिथे तो ऐकू येणारच नव्हता. मी काकूंना खरं ते सांगितलं, “काकू, तुमची तक्रार बरोबर आहे.” त्यांना ते अपेक्षित नसावं. चहासोबत एकदम चकल्याही आल्या.

आता घरी सांगायचं कसं? “बाबा, तुमचा पाट,” एवढंच मी म्हटलं, तर त्यांनी रूळ खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी व्हायोलिन विकायला काढलंय. पाट त्यांच्या गुरूंकडचा. दोन दिवस घरात अबोला. आईने तोडगा काढला, पाट राहू दे, त्याच्याखाली काहीतरी घाला. व्यायामशाळेत वजनं ठेवायला घालतात ते जाड काळं रबर आम्ही अंधेरीहून आणलं, वर एक जुनी गोधडी, वर सतरंजी. मुलं बसतात तिथेही रबर अंथरलं, कारण पाय आपटून ताल धरणारे दोघे होतेच. खाली फोन लावून मी वर रूळ मारला. “येतोय अजून,” काकू म्हणाल्या, “पण आता शेजारच्या घरातून आल्यासारखा.” मग रुळाला कापड गुंडाळलं. बाबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. म्हणतात, “मात्रेला टोक नाही राहिलं.” त्यांचंही चूक नाही. पण तो मुलगा आता दुपारपर्यंत झोपतो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. खालचे गप्प झाले आणि बाजूचे बोलायला लागले. आमची नि त्यांची एक भिंत सामाईक. पूर्वीच्या जाड विटांच्या भिंतींपुढे ही भिंत म्हणजे खोका. त्यांना बाबांचं वाजवणं आवडतं, माझ्या मुलींच्या बंदिशीही चालतात. त्रास होता तो नव्या मुलांचा. पहिले तीन महिने बाबा बोट ठेवूच देत नाहीत. उजव्या टाचेवर व्हायोलिनचं डोकं टेकवून बसायचं आणि मोकळ्या तारेवर गज ओढायचा, एक लांब सूर, न थरथरता. सहा-सात वर्षांचं मूल ते करतं तेव्हा काय ऐकू येतं हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांचा माझ्यावर विश्वास बसणार नाही. दारं घासल्यासारखं, तासभर, आठवड्यातून तीनदा.

सल्ले खूप आले. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा, फोम चिकटवा. मी फोमचे चार तुकडे आणून लावलेही. खोलीतला घुमारा गेला, पण बाजूला आवाज जायचा तेवढाच जात राहिला. एका कंत्राटदाराने सरळ सांगितलं, “मॅडम, आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. फोमचं काही वजन आहे का?” दुसरी भिंत उभी करायचे त्याने पावणेदोन लाख सांगितले. आईने फीची वही दाखवून त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. त्याचा सल्ला मात्र आम्ही फुकटात वापरला. सामाईक भिंतीला पुस्तकांची दोन कपाटं लावली, दाराखालची बोटभर फट रबराच्या पट्टीने बंद केली. आणि मुख्य म्हणजे खोल्या बदलल्या. व्हायोलिन रस्त्याकडच्या खोलीत, गाणं मधल्या.

व्हायोलिनच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावर बसवायचा, आवाज दाबणारा रबरी म्यूटही मी आणला होता. बाबांनी तो हातात फिरवून परत दिला. “तुझ्या मुलींना तोंडाला फडकं बांधून गायला बसवशील का?” म्यूटने आवाज गोड लागतो, आणि तोच घोटाळा. गज जास्त दाबला गेला की तार करकरते, ती करकर मुलाच्या स्वतःच्या कानावर पडल्याशिवाय हात हलका होत नाही. बाबांच्या पद्धतीत कानाचं फार. नव्या मुलाला आधी महिनाभर माझ्याकडे सरगम गायला पाठवतात. गळ्यात नाही ते बोटात कुठून येणार, हे त्यांचं म्हणणं. त्यांचा आदर्श गजाननबुवा जोशी, जे मैफलीत गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे.

खोल्या बदलल्यावर एक नवीनच भानगड कळली. दोन्ही वर्ग एका वेळी चालायचे, दोन तानपुरे. बाबांची पट्टी, म्हणजे सा धरायचा सूर, पेटीची पांढरी दोन, माझ्या मुलींची काळी चार. म्हणजे एकाचा सा दुसऱ्याच्या तीव्र मध्यमावर, अजिबात न जुळणाऱ्या सुरावर! पॅसेजमध्ये उभं राहिलं की दात आंबायचे. जुन्या घरात मधे स्वयंपाकघर असल्यामुळे हे कधी जाणवलं नव्हतं. बाजूच्या काकांना संगीतातलं काही कळत नाही, पण ते म्हणाले होते, “दोन्ही एकदम चालू असलं की जास्त त्रास होतो.” त्यांच्या कानाला कळलं, आम्हाला नाही. आम्ही व्हायोलिनं एक पट्टी उतरवून काळी एकवर आणली. आता माझ्या मुलींचा सा त्यांच्या पंचमावर, जुळणाऱ्या सुरावर, पडतो. पॅसेजमध्ये उभं राहिलं तर बरं वाटतं. सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आवडलेली दुरुस्ती ही, आणि तिला एक पैसा लागला नाही.

पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवायच्या म्हणून एसी लावला आणि तीन हजारांचं वीजबिल आलं. शिवाय व्हायोलिनच्या तारा पिळायच्या खुंट्या. दमट हवेत लाकूड फुगून त्या अडकतात, आणि दोन तास एसी चालला की सैल होऊन सर्रकन फिरतात. गजाचे केस पावसाळ्यात लांबतात ते निराळंच. प्रत्येक बॅचची पहिली दहा मिनिटं नुसती सूर लावण्यात जायची.

राहिला घराच्या वापराचा प्रश्न. यात कागद फार, गंमत काही नाही. जीएसटीचा संबंध नव्हता, त्यासाठी लागणाऱ्या वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीचं स्वप्नही आमच्या वहीने कधी पाहिलेलं नाही. शॉप ॲक्टमध्ये, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात, दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर तेव्हा नुसती ऑनलाइन सूचना द्यायची होती, ती दिली. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे घर राहण्याशिवाय इतर कामाला वापरायचं तर संस्थेची परवानगी हवी, म्हणून मी खुलाशाऐवजी अर्जच केला. कमिटीने तो सप्टेंबरच्या वार्षिक सभेवर ढकलला. सभेत पाण्याच्या टाकीवर दीड तास आणि आमच्यावर वीस मिनिटं. कोणीतरी म्हणालं, उद्या कोणी पिठाची गिरणी टाकेल. खालच्या काकूंनी हात वर केला, मला वाटलं आता चांगलं बोलतील. त्या म्हणाल्या, “रविवारी दुपारी नको, बाकी चालेल.” तेवढंच. पण त्यानंतर कोणी ताणलं नाही.

ठराव झाला तो असा. दहा ते एक आणि चार ते साडेआठ, एका वेळी दोन्ही मिळून दहापेक्षा जास्त मुलं नाहीत, रविवार दुपार बंद, मुलांच्या चपला जिन्यात नाहीत, माइक नाही. मुदत एक वर्ष. चपलांचं सगळ्यात कठीण गेलं. आईने गॅलरीत रॅक केला आणि आता ती हजेरी चपला मोजून घेते.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला आमची अकरा मुलं बसली. मोकळ्या तारेवर दारं घासणारा एक जण ‘प्रारंभिक’ ही पहिली परीक्षा पास झाला. बाजूच्या काकांना पेढा द्यायला गेला तेव्हा त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्यांनी त्याला फक्त ऐकलेलं होतं.

आता वर्ष होत आलं, म्हणून परवा मी मुदतवाढीचा अर्ज लिहिला आणि बाबांना वाचायला दिला. त्यांनी ‘व्यावसायिक क्लास’ खोडून वर ‘शिकवणी’ लिहिलं. खाली सही केली, आणि सहीखाली आणखी एक ओळ घातली: ‘पाटाखालील रबर झिजले असून सोसायटीने नवीन घेण्यास हरकत नसावी.’ ती ओळ मी खोडणार आहे. आई म्हणते, राहू दे.