हमीपत्र घेतलं, तिथंच चुकलं

गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, हे गावाला ठाऊकच नसतं. मी तोच ग्रामसेवक: घरपट्टी, घरकुलं, दाखले आणि त्यातच हे. गेल्या ऊसतोड हंगामाआधी एक लग्न थांबवलं. आठ दिवसांनी तेच लग्न शेजारच्या तालुक्यात लागलं.

१०९८ या बालहेल्पलाइनवरून निरोप आला तो हळदीच्या संध्याकाळी. नवखा माणूस थेट मांडवात जातो, बाप आधार कार्ड पुढे करतो, त्यावर मुलगी अठराची, की सगळे माघारी. आधारवरची तारीख वयाचा पुरावा नव्हे. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. मुख्याध्यापकांना घरून आणलं, जनरल रजिस्टर उघडलं, उताऱ्यावर सही-शिक्का घेतला. १६ वर्षे ४ महिने. मग अंगणवाडीताई आणि पोलीस जमादारांना घेऊन मांडव गाठला.

बाप म्हणाला, "भाऊसाहेब, पोरगी माझी. कुठं द्यायची ते मी बघीन." २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा उलटं धरतो. कलम ११ प्रमाणे, मूल ज्याच्या ताब्यात, त्यानंच लग्न रोखण्यात हयगय केली असं गृहीत; तसं नव्हतं हे त्यानं शाबीत करायचं. नाहीतर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. आईला मात्र कैद नाही. बाप पुढे म्हणाला, "आम्ही उसाला गेल्यावर पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठिवू?" तोडणीला मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. यावर माझ्याकडे कलम नव्हतं.

शेवटी हमीपत्र: १८ पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही, खाली पंचांच्या सह्या. बालकल्याण समितीपुढे हजर करून मुलगी पुन्हा आईबापांच्याच ताब्यात. अहवालात 'बालविवाह रोखला'. वरिष्ठांना फोटो हवा होता, तो मिळाला.

कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम आणायला हवा होता. निकड असली तर नोटीस न देताही अंतरिम हुकूम निघतो. तो असता तर पुढचं लग्न कलम १४ प्रमाणे मुळातच शून्य, म्हणजे कायद्यानं झालंच नाही. हमीपत्र मोडून लागलेलं लग्न मात्र उभं राहतं. ते रद्द करायला मुलीनंच जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, वयाची वीस पूर्ण व्हायच्या आत. आत्ता करायचा तर पालक किंवा वादमित्रामार्फत (अल्पवयीनाच्या वतीनं दावा चालवणारा), सोबत मी. पालक कोण? बापानंच लग्न लावलंय, आणि १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात विवाहित अल्पवयीन मुलीचा नैसर्गिक पालक म्हणजे नवरा! ज्याच्याविरुद्ध अर्ज, तोच पालक.

फिर्याद मी दिली आहे: बाप, नवरा, लग्न लावणारा, तिघांवर. वादमित्र व्हायला अंगणवाडीताई तयार आहेत, मसुदा वकिलांकडे पडून आहे. मुलगी ज्या ऊसतोड टोळीबरोबर गेली ती कुठल्या कारखान्याच्या तळावर उतरली ते मुकादमालाच माहीत, आणि त्याचा फोन बंद लागतो.