दोन मिलिमीटर

१८ जानेवारी, रात्री उशिरा

आज पीएसएमच्या, म्हणजे वैद्यकीय अभ्यासक्रमातल्या सामाजिक आरोग्याच्या विषयाच्या, तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारले की एकाच व्यक्तीने एकच मोजमाप दोनदा घेतले आणि दोन वेगळे आकडे आले, तर त्याला काय म्हणतात. मी लगेच 'इन्ट्रा-ऑब्झर्व्हर व्हेरिएशन' असे उत्तर दिले आणि ते कमी कसे करावे हेही न अडखळता सांगितले: साधन तेच ठेवावे, पद्धत ठरलेली असावी, मोजणाऱ्याचा हात बसलेला असावा, पुन्हा मोजून सरासरी घ्यावी. त्यांनी उदाहरण मागितले तेव्हा मी रक्तदाबाचे दिले. मॅडमनी मान डोलावली, लॉगबुकवर सही केली आणि पुढच्या रोल नंबरला आत बोलावले. रक्तदाबाचे उदाहरण चुकीचे नव्हते. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर सप्टेंबरमधली, लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी होती, आणि तिच्याविषयी मी एक अक्षरही काढले नाही. तेव्हापासून जेवणात लक्ष नाही की वाचण्यात नाही.

सप्टेंबरच्या त्या गावभेटीला आम्हां सहा जणांत मिळून एकच पट्टी होती. मला नेमून दिलेल्या तीन कुटुंबांपैकी शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत एक वाजत आला होता आणि बस शाळेपाशी येऊन थांबली होती. सतरा महिन्यांची ती मुलगी आईच्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा चोखत होती. डावा हात कोपरात काटकोनात दुमडायचा, खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर घेऊन मधोमध पेनाने खूण करायची, मग हात सैल सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची; कातडीला सुरकुती पडेल इतकी घट्ट नको आणि खाली फट राहील इतकी सैलही नको. हे सगळे मी शिकवल्याप्रमाणे केले. खूण करताना ती रडली नाही, हातही ओढून घेतला नाही, नुसती पेनाच्या टोकाकडे पाहत राहिली. पट्टीच्या खिडकीत ११.४ सेंटीमीटर दिसले. तिने हात हलवला. मी पट्टी काढून पुन्हा गुंडाळली, तर ११.६ आले. मी वहीत ११.६ लिहिले.

साडेअकराच्या खाली लाल, तिथून साडेबारापर्यंत पिवळा, त्याच्या पुढे हिरवा. ११.६ म्हणजे पिवळा, म्हणजे मॅम (मध्यम तीव्र कुपोषण). ११.४ असते तर सॅम (अतितीव्र कुपोषण).

तिने हात आधी हलवला की मी आकडा आधी वाचला, हाच प्रश्न आज संध्याकाळपासून पुन्हा पुन्हा समोर येतो आहे. हात आधी हलला असेल तर पहिला आकडा बिघडलेला होता आणि तो सोडून देणे योग्यच होते. गेले चार महिने मी स्वतःला हेच सांगत आले आहे. पण आज परीक्षेत ते उदाहरण गिळून टाकताना मला जाणवले की माझ्या आठवणीतला क्रम तसा नाही. खिडकीतली रेघ मला स्वच्छ आठवते, आणि ती आठवते तेव्हा हात स्थिर असतो.

मी तो आकडा का सोडला? लाल लिहिले असते तर तिथून निघता आले नसते. वजन आणि लांबी पुन्हा घ्यावी लागली असती, दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज आहे का ते पाहावे लागले असते, भुकेची चाचणी करावी लागली असती. भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात सोय होते. ताप असेल किंवा मूल खात नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह साधारण दोन आठवडे राहावे लागते. तिथे आईला बुडीत मजुरी मिळते हे खरे, पण त्या वेळी सोयाबीनची काढणी तोंडावर आली होती आणि ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घरात येऊन खर्चही झाली होती. मी त्या बाईचा विचार केला असे म्हणावेसे वाटते. बसचा हॉर्न वाजला होता, हेही तितकेच खरे आहे.

'लई बारीक हाय का ओ, मॅडम?' असे आईने विचारले होते. थोडी बारीक आहे, रोज शेंगदाण्याचा कूट आणि तूप किंवा तेल घालून वरणभात भरवा, असे मी सांगितले. लॉगबुकात त्याची नोंद 'आहाराविषयी समुपदेशन केले' अशी आहे. डिसेंबरात पुन्हा गेलो तेव्हा दाराला कुलूप होते आणि कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी, दिवाळीनंतरच निघून गेला होता. पाठपुराव्याच्या रकान्यात मी 'कुटुंब स्थलांतरित' लिहिले. त्याच पानावर आज सही झाली.

मला या सगळ्याचा रागही येतो. दोन आकडे आले तर तिसऱ्यांदा मोजा, हे आम्हांला वर्गात सांगितले होते. पण कडेवर मूल, दारात बस आणि पाठीमागे पट्टीची वाट पाहणारा बॅचमेट असताना ते कसे करायचे, हे कोणी दाखवले नाही. मेडिसिनच्या वॉर्डात मी चुकले तर मागे निवासी डॉक्टर उभे असतात. इथे त्या ओट्यावर माझ्या मागे कोणीच नव्हते. आणि घरी बाबा अजूनही विचारतात की हा गावोगाव फिरण्याचा विषय कधी संपणार. त्यांना काय सांगायचे?

रात्री टिपणे काढून बसले. दोन्ही आकड्यांची सरासरी बरोबर ११.५ येते, आणि नियम 'साडेअकरापेक्षा कमी' असा असल्यामुळे ती मुलगी तरीही पिवळ्यातच बसते. हे पाहून क्षणभर बरे वाटले. मग खालची ओळ वाचली. ही सीमा पूर्वी ११ होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती ११.५ केली, कारण मृत्यूचा धोका असलेली अधिक मुले तिच्यात सापडावीत. म्हणजे रेघ वर सरकवणाऱ्यांना माझ्या वाट्याला आलेल्या मुलीसारखीच मुले सुटू द्यायची नव्हती. आणि दंड ११.४ भरला काय किंवा ११.६ भरला काय, ती मुलगी तीच होती. दोन्ही आकड्यांवर तिच्याकडे पुन्हा जायलाच हवे होते. पिवळा म्हणजे महिनाभराने पुन्हा मोजा. ते दिवाळीपर्यंत गावातच होते. ऑक्टोबरभर मी का गेले नाही, हा प्रश्न दोन मिलिमीटरपेक्षा मोठा आहे आणि तो मला आज प्रथमच पडला.

हे लिहिता लिहिता मन बरेच शांत झाले आहे. ११.४ खोडलेले नाही, ते मुळात लिहिलेच नव्हते. म्हणून सहीच्या खाली आजची तारीख घालून दोन्ही आकडे लिहिले आहेत. उद्या मॅडमना ते पान दाखवेन. गुण गेले तर जाऊ देत.

साडेआठला गावातल्या अंगणवाडी सेविकाताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या की त्यांच्या यादीत मुलगी मॅममध्येच होती, आता कुटुंब कर्नाटकातल्या कारखान्यावर आहे आणि पाडव्याच्या सुमारास परतेल. पोरीचे काही कळलेले नाही. मग थांबून त्यांनी विचारले, 'मॅडम, तुमचं पोस्टिंग तर संपलं ना?' मी म्हटले, संपले आहे, पण ते लोक आले की मला एक मिस्ड कॉल द्या, मी माझी पट्टी घेऊन सकाळच्या एसटीने येईन.