डीव्हीबी-सी स्टिकवर (केबल टीव्ही पकडणारा यूएसबी ट्यूनर) चॅनेल लागेनात, त्याचा माझा अनुभव

मागच्या हिवाळ्यात बाबा तीन महिने आमच्याकडे स्टुटगार्टला होते, त्यांना जर्मन येत नाही पण फुटबॉल जीव की प्राण, म्हणून शनिवारी दास एर्स्ट ह्या जर्मन सार्वजनिक चॅनेलवर बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मन फुटबॉल लीगचे, हायलाइट्स दिसावेत एवढंच मला हवं होतं. इथे केबलवर सार्वजनिक चॅनेल्स एन्क्रिप्टेड नसतात, कार्ड लागत नाही. म्हणून रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरला यूएसबी ट्यूनर लावला, टीव्हीहेडएंड हे टीव्ही दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, स्कॅन मारला, तर एकही चॅनेल नाही.

कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग काढला. स्टिकमधली एसआय२१६८ चिप ओळखली होती, ड्रायव्हर लोड झालेला, पण खाली फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लोड फेल, एरर मायनस २, म्हणजे फाइलच सापडली नाही. ड्रायव्हर कर्नलसोबत येतो पण ह्या चिपचं फर्मवेअर वेगळं आणून टाकावं लागतं. टाकलं, स्टिक काढून परत लावली, एरर गेली.

तरी लॉक नाही, म्हणजे सिग्नल पकडलाच जात नाही! ही चिप टी, टी२ (अँटेना) आणि सी (केबल) तिन्ही पकडते, त्यामुळे टीव्हीहेडएंडमध्ये एकाच स्टिकच्या दोन एंट्र्या दिसतात आणि मी नेटवर्क जोडलं होतं टी वाल्याला, म्हणजे अँटेनाच्या सिग्नलला. ते बदललं. मग सिम्बॉल रेट, म्हणजे सिग्नल किती वेगाने येतो तो आकडा; पुण्याच्या घरच्या सेटटॉप बॉक्सच्या मेन्यूत ६८७५ बघितलेलं तेच भरलं होतं, इथे ६९०० लागतो. तो भरल्यावर धडाधड चॅनेल्स आले.

पण खरा वैताग पुढेच. क्वाम म्हणजे सिग्नलमध्ये डेटा भरायची पद्धत, आकडा मोठा तितका डेटा दाट. ६४ क्वामवरचे चॅनेल्स छान, २५६ क्वामवरचे सगळे चौकटी चौकटी, आवाज तुटतोय. दोन रात्री मी ड्रायव्हरलाच दोष देत बसलो, कर्नल पण बदलून पाहिला. शेवटी सिग्नलचा आकडा बघितला, सी/एन (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरात) २७ डीबीच्या आसपास, ६४ ला तेवढं चालतं पण २५६ ला तीसच्या वर हवं. भिंतीपासूनची वायर हातात घेतली, टोकाचा एफ कनेक्टर फिरवून काढला, तर वायरच्या बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याला टेकलेली. वायर सोलून कनेक्टर नवीन लावला, आकडा थेट ३६.

शनिवारी बाबांनी मॅच बघता बघता पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीकडे फिरवून धरला.