दोन भाडेकरूंच्या मधली दुपार

पुण्यात भाड्याचा फ्लॅट रिकामा असतो तो जेमतेम एक दिवस. ३० तारखेला जुने भाडेकरू सामान भरून निघतात आणि १ तारखेला सकाळी नव्यांचा टेम्पो गेटवर हजर. मधल्या वेळात रंगारी, साफसफाईवाले, पडद्यांची मापं घेणाऱ्या काकू, आरओ काढायला आलेला मुलगा, आणि या सगळ्यांच्या पायात मी. मी परवानाधारक इलेक्ट्रिकल सुपरवायझर. वायरिंगची कामं घेतोच, शिवाय भाड्याने जाणाऱ्या फ्लॅटची तपासणी करून लेखी अहवालही देतो. आपल्याकडे घरमालक असं काही मागत नाहीत, म्हणून हे कसं सुरू झालं ते आधी सांगतो.

कोथरूडच्या एका फ्लॅटचे मालक नवरा-बायको इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतात, तिथे स्वतः भाड्याच्या घरात. तिकडे २०२० च्या नियमांनुसार खासगी घरमालकाला निदान दर पाच वर्षांनी घराचं वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्यावंच लागतं. अहवालाची प्रत भाडेकरूला द्यायची, धोक्याचं काही निघालं तर २८ दिवसांत दुरुस्त करायचं, टाळाटाळ केली तर मोठा दंड. त्यांच्या हातात असा अहवाल पडला आणि वहिनींनी मला फोन केला, "दादा, आम्ही आमच्या भाडेकरूंना असलं काहीच देत नाही हो." देतात ते करारनाम्याचं परिशिष्ट. पंखे ४, गिझर २, ट्यूब ६. पंखा फिरतो का ते लिहिलेलं असतं. अर्थिंग आहे का, हे कुणी विचारतसुद्धा नाही.

त्यांनी पाठवलेल्या अहवालातली प्रतवारी मला आवडली आणि मी ती उचलली. पहिली प्रत म्हणजे आत्ता या क्षणी धोका. दुसरी म्हणजे एखादी गोष्ट बिघडली की धोका. तिसरी म्हणजे सुधारलं तर बरं. भाडेकरूलाही कळते, मालकालाही कळते.

वेळेचं म्हणाल तर एजंट लोकांचं गणित ठरलेलं असतं. कोथरूडच्या त्या फ्लॅटवर सप्टेंबरअखेरीलाही तेच. "काका, अर्ध्या तासात उरकेल ना? लाईट सगळे लागतायत, मी बघितलंय." अरे बाबा, लाईट लागतायत म्हणजे फेज आणि न्यूट्रल पोचलेत, एवढंच. घरातली तिसरी वायर, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी अर्थची, कामावर आहे की नाही ते बटण दाबून कधीच कळत नाही. ते अपघात झाल्यावर कळतं.

घाईच्या दिवशी माझा एकच हट्ट असतो. कोणती चाचणी गाळायची हे ठरवण्याआधी कोणती कधी करायची हे ठरवायचं. रंगाऱ्याला हॅलोजन हवा, साफसफाईवाल्यांना व्हॅक्यूम हवा, आणि माझी निम्मी कामं मेन बंद केल्याशिवाय होत नाहीत. म्हणून पोचल्या पोचल्या सगळ्यांना चहाला पिटाळतो आणि लाईट बंद ठेवून करायची कामं एका दमात संपवतो. उरलेली मागून, त्यांच्या शिड्यांमधून वाट काढत.

मेन बंद करण्याआधी मात्र एक गोष्ट. डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य स्विचबोर्डात, आरसीसीबी असेल (करंट गळू लागला की सप्लाय तोडणारं उपकरण, ज्याला बहुतेक जण अजून ईएलसीबीच म्हणतात), तर त्याचं टेस्ट बटण दाबून बघायचं. या फ्लॅटमध्ये चांगला ३० मिलिअँपिअरचा होता, नवाकोरा दिसत होता. हॉलचा पंखा चालू ठेवून मी बटण दाबलं. खट्‌कन लिव्हर खाली पडली. पंखा फिरतच राहिला.

माझ्याबरोबरचा पोरगा माझ्याकडे बघायला लागला. डीबीचं झाकण काढलं. आरसीसीबीच्या वरच्या टर्मिनलमध्ये मेनमधून येणाऱ्या वायरी होत्याच, त्यांच्याच शेजारी घरात जाणाऱ्या वायरीही कोंबलेल्या. खालची दोन्ही टर्मिनलं मोकळी. म्हणजे उपकरणाला सप्लाय मिळतोय, टेस्ट बटण चालतंय, पण घराचा करंट त्याच्यातून जातच नाही. पहिली प्रत. फोटो काढला आणि पुढे गेलो, कारण हे कुणीतरी मुद्दाम केलं होतं आणि त्याचं कारण घरातच कुठेतरी सापडणार होतं.

मेन बंद. इन्व्हर्टर बंद. हे दुसरं आवर्जून लिहितोय, कारण मेन पाडून निर्धास्त झालेल्या माणसाला इन्व्हर्टरच्या सर्किटवर तोच २३० व्होल्टचा झटका बसतो. मग मल्टिमीटरने खात्री, आणि मगच मेगर, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायचं मीटर.

मेगरमध्ये वेळ वाचतो तो असा. दर सर्किटची वेगळी चाचणी करत बसायचं नाही. सगळे एमसीबी, म्हणजे दर सर्किटचे आपोआप पडणारे स्विच, वर, सगळी बटणं चालू, डीबीत फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधायचे आणि त्यांच्यापासून अर्थपर्यंत ५०० व्होल्टने एकदाच इन्सुलेशन बघायचं. फेज-न्यूट्रल एकत्र असल्याने त्यांच्यामध्ये जोडलेल्या वस्तूंवर ताण येत नाही, तरी टीव्ही, राऊटर असलं नाजूक सामान मी काढूनच ठेवतो. डीबीत सर्ज प्रोटेक्टर असेल तर तोही सोडवावा लागतो, नाहीतर रीडिंगच खोटं येतं. आकडा चांगला आला तर सगळ्या घराचं काम मिनिटात झालं. किमान १ मेगओहम तरी हवा. धड वायरिंगमध्ये तो त्याच्या कितीतरी पट येतो. वाईट आला तर निम्मे एमसीबी पाडायचे, आणि त्यांच्या न्यूट्रल वायरीही पट्टीवरून सोडवायच्या. हे न्यूट्रलचं घाईत विसरलं तर दोष हातून सटकतो. पुन्हा बघायचं, पुन्हा निम्मे.

इथे आला ०.०१.

निम्म्याचे निम्मे करत कॉमन बाथरूमच्या गिझरपाशी पोचलो. पावसाळा नुकताच संपलेला, भिंतीला ओल होती, त्यामुळे पोराने लगेच भिंतीवर बोट ठेवलं. गिझरची पिन सॉकेटमधून उपसली तसा आकडा एकदम वर गेला. भिंत निर्दोष. गिझरच्या एलिमेंटमध्ये पाणी शिरलं होतं. ०.०१ मेगओहम म्हणजे १०,००० ओहम, २३० व्होल्टला साधारण २३ मिलिअँपिअर. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेतरी पडतो. म्हणजे तो बिचारा इमानेइतबारे पडत होता, आणि म्हणूनच त्याला बाजूला काढलं होतं.

जुन्या भाडेकरूंना फोन लावला. ते अजून हायवेवरच होते. "हो हो, गिझर लावला की सगळ्या घराची लाईट जायची. वायरमन बोलावला, त्याने दहा मिनिटांत बंद केलं ते. परत कधी गेली नाही." त्याचे पैसेही त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले होते, मालकांना त्रास नको म्हणून. या वायरमनचा मला राग येतो. लिव्हर पडते तेव्हा ती काहीतरी सांगत असते, आणि ऐकायचं नाही म्हणून त्याने तिलाच गप्प केलं. त्यानंतर करंट गळणाऱ्या गिझरपासून त्या कुटुंबाला फक्त अर्थिंगने वाचवलं.

म्हणून अर्थिंग. वेळ कमी असला की मी ओल्या जागांपासून सुरुवात करतो. बाथरूम, ओटा, वॉशिंग मशीनची बाल्कनी. मग एसीचे पॉइंट आणि शेवटी बेडरूम. ओट्यावरच्या फ्रिजच्या सॉकेटमध्ये पोराने तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावला आणि "ओके" म्हणाला. दिवे खरंच बरोबर लागले होते. पण न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज अगदी शून्य दिसत होतं. शेजारच्या सॉकेटमध्ये दीड व्होल्टच्या आसपास आणि इथे शून्य, हे मला रुचलं नाही. मेन पुन्हा पाडला आणि न्यूट्रल-अर्थमध्ये कंटिन्यूइटी, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेत का, ते बघितलं. बीप. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दुहेरी मेन पडलेला असताना तिथे बीप यायचं कारण नाही.

प्लेट उघडली. अर्थची हिरवी वायर मागे आखूड कापून दुमडून ठेवलेली. आणि अर्थच्या मोठ्या पिनेतून न्यूट्रलच्या पिनेत दोन इंच काळ्या वायरचा तुकडा. फ्रिजला हात लावला की चावायचं म्हणून कुणीतरी केलेला उपाय. चावणं थांबतं, टेस्टरही खूश. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला की फ्रिजचं अख्खं दार फेजवर. डीबीतल्या मेगरलाही हे दिसलं नव्हतं, कारण ही पिन घराच्या अर्थला जोडलेलीच नव्हती. त्यामुळे एका फटक्यात सगळं घर बघून झालं तरी सॉकेट-सॉकेटची ही दुसरी फेरी मी सोडत नाही. हिरवी वायर लांबवून जागेवर बसवली आणि तुकडा पिशवीत टाकून मालकांसाठी ठेवला.

बाकीच्याबद्दल थोडक्यात. मोठ्या बेडरूममध्ये एसीच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी निघाला. आधीचा लहान पडत असणार, म्हणून मोठा बसवलेला. वायर तापली तरी हा पडणार नाही. तो बदलला. तडकलेल्या प्लेटी, कुरकुरणारा रेग्युलेटर, लुकलुकणारी ट्यूब यांना मी अशा दिवशी हात लावत नाही. मालकाला फोटो पाठवतो, पुढे त्यांचं ते बघतील.

चार वाजता एजंट स्वतः आला. नवा भाडेकरू सकाळी नऊला येतोय, गिझर बंद आहे असं त्याला कसं सांगायचं? "काका, आज सही करून टाका, गिझरचं पुढच्या आठवड्यात बघू. नाहीतर जुन्यांच्या डिपॉझिटमधून कापू." मी म्हटलं, एलिमेंट पाण्याने खाल्लं, त्यात भाडेकरूचा काय दोष? इथे चार म्हणजे रेडिंगला साडेअकरा. मालकांना मेगरच्या आकड्याचा फोटो, डीबीचा फोटो आणि दोन ओळी पाठवल्या. दहा मिनिटांत वहिनींचं उत्तर आलं, "नवाच बसवा. डिपॉझिटला हात लावू नका." एजंटचं तोंड पडलं, पण रस्त्यापलीकडच्या दुकानातून १५ लिटरचा गिझर त्यानेच आणला, हे खरं.

आरसीसीबीच्या वायरी जिथे असायला हव्यात तिथे नेल्या. पुन्हा बटण दाबलं, या वेळी पंखा थांबला. तेवढ्यावर भागत नाही. बटण त्या उपकरणापुरतं बोलतं, घराच्या अर्थिंगबद्दल काहीच नाही. म्हणून बाथरूम आणि ओट्याच्या सॉकेटवर आरसीसीबी तपासायच्या टेस्टरने खरोखरचा ३० मिलिअँपिअर अर्थमध्ये सोडून बघितला. ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा, तो त्याच्या खूप आधी पडला.

अहवालात माझा एक रकाना असतो, 'तपासले नाही' आणि पुढे कारण. एजंटला तो मुळीच आवडत नाही. त्या दिवशी त्यात दोन ओळी होत्या. एक, इमारतीचा अर्थिंग पिट, म्हणजे सगळी अर्थिंग जिथे जमिनीत उतरते तो खड्डा. सोसायटीने पार्किंगला पेव्हर ब्लॉक घातले तेव्हा तो खाली गाडला गेला, सेक्रेटरींना जागाही आठवेना. दोन, लहान बेडरूममध्ये मालकांचं सागवानी कपाट आहे, त्याच्या मागचं सॉकेट. ते हलवायला चार माणसं लागतात आणि भिंतीचा रंग ओला. "ओके लिहा ना, तिथे कोण जातंय?" मी लिहिलं नाही. बघितलेलं नाही ते ठीक आहे असं लिहायचं, तर मग अर्ध्या तासाचीच तपासणी काय वाईट होती?

नव्या भाडेकरूने सकाळी अहवाल वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, इंडक्शन शेगडी कुठे लावू? त्याला १६ अँपिअरचं सॉकेट दाखवलं, आणि एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका म्हणून सांगितलं. दुसरा प्रश्न त्या कपाटाचा. पुढच्या रविवारी त्याचे मित्र जेवायला येणार होते, तेव्हा हलवू म्हणाला. हलवलं. मागे धूळ, एक जुनं कॅलेंडर आणि सॉकेट. फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, हिरवी वायर पिनेत घट्ट. 'तपासले नाही'मधली ती ओळ खोडली, तारीख घालून सही केली आणि नवी प्रत दोघांना पाठवली. पिटाची ओळ अजून तशीच आहे. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला पेव्हर ब्लॉक उचलायचा विषय घ्या, असं पत्र मालकांच्या नावाने सेक्रेटरींकडे गेलंय.