नाव टाकलं की ती बातमीच का येते? तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही एकट्यांनीच विचारलेलं नाही. नणंदेने विचारलं, भिशीतल्या बायकांनी विचारलं, मुलाच्या क्लासच्या सरांनी घसा खाकरत विचारलं. सगळ्यांचा प्रश्न एकच: "तुम्ही त्यातून सुटलात ना? मग तुमचं नाव गूगलवर टाकलं की अजून अटकेचीच बातमी पहिली का येते? काढून का टाकत नाही?" काढायची राहून गेली आहे, असं समजूनच विचारतात सगळे. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पतसंस्थेचं काय झालं ते परत सांगत नाही, तालुक्याला ते पाठ आहे. मी तिथे रोखपाल होते. 2014 साली ठेवी अडकल्या आणि संचालकांबरोबर आम्हा कर्मचाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. फसवणुकीचं कलम 420, विश्वासघाताचं 409, शिवाय ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा कायदा. 2021 मध्ये निकाल लागला. अध्यक्ष आणि व्यवस्थापकाला शिक्षा झाली, आम्ही कर्मचारी निर्दोष सुटलो.

आता त्या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. अटकेच्या बातमीचा मथळा, 'महिला रोखपालासह सात जणांना अटक'. खाली यादी. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, कंसात वय 34, रा. म्हणून गल्लीसकट पत्ता. निकालाची बातमी त्याच पोर्टलवर आली. मथळ्यात अध्यक्षाची सक्तमजुरी. मजकुरात शिक्षा झालेल्यांची नावं, दंडाच्या रकमा, सरकारी वकिलांचं नाव, तपास अधिकाऱ्यांचं नाव. आणि शेवटच्या ओळीत, 'उर्वरित आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता करण्यात आली.' त्या उर्वरितांत मी.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. अटक झाली ती नावानिशी छापली गेली. सुटका झाली तिच्यात नाव नाही. गूगलला मी सुटले की अडकले याच्याशी देणंघेणं नाही. तुम्ही तीन शब्द टाकता, ते ज्या पानांवर एकत्र सापडतात ती पानं ते पुढे करतं. निकालाच्या बातमीत माझं नावच नाही, तर ती माझ्या नावावर येणार कुठून?

उरलेलं निम्मं उत्तर क्रमाचं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 1998 साली गूगल सुरू केलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की ज्या पानाकडे इतर पानांवरून दुवे येतात त्याचं वजन जास्त, आणि दुवा देणारं पान स्वतः वजनदार असेल तर आणखी जास्त. आज त्यात शेकडो गोष्टी मिसळल्या आहेत, पण दुव्यांचं महत्त्व संपलेलं नाही. अटकेची बातमी आणखी पोर्टल्सनी उचलली, एकमेकांना दुवे दिले. उर्वरितांच्या सुटकेला कोण दुवा देतो? त्यात माझ्या नावावर दुसरं काहीच नाही. माझी वेबसाइट नाही, फेसबुक मी तेव्हाच बंद केलं. आडनाव पाटील, जाधव असतं तर त्याच नावाच्या दहा जणी पुढे आल्या असत्या. माझं आडनाव चार-दोन घरांत सापडतं, आणि माझं, नवऱ्याचं नि आडनाव मिळून तर जगात मी एकटीच असेन.

माझं नाव आणि 'निर्दोष' हे दोन्ही एकत्र असलेला एक कागद आहे, तो म्हणजे न्यायालयाचं निकालपत्र. ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आहे. पण तिथे जिल्हा निवडा, न्यायालय निवडा, खटल्याचा क्रमांक किंवा पक्षकाराचं नाव भरा, मग ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करा, तेव्हा पान उघडतं. ती अक्षरं यंत्राला आत येऊ न देण्यासाठीच ठेवलेली असतात. गूगलचं यंत्र दारातूनच परत जातं. माझं निरपराधित्व सरकारी संकेतस्थळावर सुरक्षित आहे, फक्त ते कोणाला आपोआप दिसत नाही.

आणि अजून एक, ज्यावर तुम्ही नाराज व्हाल. 2023 मध्ये अमेरिकेत गूगलविरुद्ध मक्तेदारीचा खटला चालला. कंपनीचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी साक्षीत सांगितलं की लोक कशावर क्लिक करतात याची गेल्या 13 महिन्यांची नोंद त्यांची यंत्रणा क्रम लावताना वापरते. म्हणजे "बघू, गेली का ती बातमी" म्हणून तुम्ही प्रेमानं ती उघडता, तेव्हा तिकडे नोंद एवढीच होते की हे नाव शोधणाऱ्यांना हेच पान हवं असतं. प्रेमाचा क्लिक आणि चवीचा क्लिक यांत त्यांना फरक करता येत नाही. "पुण्यात माझ्या फोनवर दुसऱ्या नंबरला आली," असं नणंद म्हणाली. ठिकाणानुसार, फोननुसार थोडं वरखाली होतं. त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही.

आता 2022 चं सांगते, कारण "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असंही तुम्ही म्हणता.

सांगलीतल्या एका रुग्णालयात हिशेब विभागात जागा होती. मी टॅली जाणते, जीएसटीची विवरणपत्रं भरते, रोकड तर आयुष्यभर हाताळली. मुलाखत घेणारे व्यवस्थापक वयानं माझ्याएवढेच, सभ्य. चहा मागवला. रोखीचा ताळा संध्याकाळी जुळला नाही तर काय करता, असं विचारलं, मी सांगितलं. त्यांना उत्तर आवडलं, ते मान डोलवत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांचं करतो, एक औपचारिकता," आणि संगणकाकडे वळले. पडदा तिरका होता, मलाही दिसत होता. त्यांनी माझं नाव टाइप करायला घेतलं. नवऱ्याच्या नावाचं दुसरं अक्षर पडलं तोच खाली सूचना उघडल्या: माझं पूर्ण नाव, आणि त्याच्यापुढे 'पतसंस्था'. त्याखाली पुन्हा माझं नाव, आणि पुढे 'अटक'. लोक जे वारंवार शोधतात त्यावरून त्या सूचना तयार होतात. तेव्हा मला कळलं की माझ्या गावात माझं नाव 'अटक' या शब्दासकट किती जणांनी टाइप केलं असेल.

ते काही बोलले नाहीत. मीच पिशवीतून निकालाची प्रमाणित नक्कल काढली, ज्या पानावर माझं नाव आहे तिथे खुणेची चिठ्ठी होती, ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. नक्कल पाहिली, पडदा पाहिला, पुन्हा नक्कल पाहिली, आणि म्हणाले, "मॅडम, पण हे इथं कुठं दिसत नाही."

न्यायालयाचा शिक्का असलेला कागद त्यांच्या टेबलावर होता. आणि त्यांना तो पडद्यावर दिसायला हवा होता. मी म्हणाले, "साहेब, तिथं दिसणार नाही, ते न्यायालयात आहे." त्यांनी समजून घेतलं, खरंच घेतलं असावं. "मी समजू शकतो, पण उद्या आमच्या ट्रस्टींनी नाव टाकलं तर?" चहा आला होता. मी तो प्यायले, कारण न पिता उठले असते तर रागावले असं वाटलं असतं. फोन आला नाही. आता मी विट्यातल्या यंत्रमागवाल्यांचे हिशेब घरून लिहिते. ते मला नावानं नाही, चेहऱ्यानं ओळखतात.

तर काढून का टाकत नाही? प्रयत्न केला. पोर्टलला लिहिलं. तिथल्या संपादकांनी उत्तर दिलं: "त्या दिवशी ती बातमी खरी होती." यावर मी खूप चिडले होते. पण खरंच, मला अटक झाली होती. 2021 ची मी म्हणायची, बातमी पुसा, सगळी पुसा. आज मी तिच्याशी भांडते. त्याच यादीत अध्यक्षाचं नाव आहे. ते पुसलं गेलं तर तो उद्या दुसऱ्या जिल्ह्यात नवी संस्था काढेल आणि कोणीतरी म्हातारी पेन्शनचे पैसे घेऊन त्याच्या खिडकीशी उभी राहील. ठेवीदारांच्या रांगेत मी समोर बसून त्यांचे चेहरे पाहिलेत. आणि मीसुद्धा नावं टाकून बघते. वरच्या मजल्याला भाडेकरू ठेवताना बघितलं, पुढेही बघणार. मग माझ्यापुरतं कोणी बघू नये, हे कोणत्या तोंडानं म्हणू?

युरोपात यावर मधला मार्ग निघाला. मारिओ कोस्तेखा गोन्सालेस या स्पॅनिश गृहस्थांच्या घराच्या लिलावाची जाहिरात 1998 साली वृत्तपत्रात आली होती, ती वर्षानुवर्षं त्यांच्या नावावर दिसायची. 13 मे 2014 ला युरोपीय न्यायालयानं ठरवलं की वृत्तपत्राचं पान राहू दे, पण नाव शोधल्यावर गूगलनं ते दाखवू नये. मला एवढंच हवं होतं. बातमी राहू दे, 'पतसंस्था घोटाळा' शोधणाऱ्याला सापडू दे, माझ्या नावावर नको.

आपल्याकडे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क मानला. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निर्दोष सुटलेल्या एकाचा निकाल शोधातून हटवायला सांगितलं. पण मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच आदेशाला सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये स्थगिती दिली. 2023 च्या विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्यातला पुसून मागण्याचा हक्क आपण संमतीनं दिलेल्या माहितीपुरता आहे. अटकेच्या बातमीला माझी संमती कोणी घेतली होती?

भाचा म्हणतो, तुझ्या नावानं चार प्रोफाइल काढू, ब्लॉग लिहू, बातमी खाली ढकलू. हे चालतं, पैसे घेऊन करून देणारेही आहेत. पण जे मी केलेलं नाही ते झाकायला मी माझी जाहिरात का करायची? नणंद म्हणते, माहेरचं नाव लाव. आधार, पॅन, बँक, सगळं बदलून? मग तीच माणसं विचारतील की नाव का बदललं.

पोर्टलकडे मी आता एकच मागते. जुन्या बातमीच्या खाली एक ओळ घाला, माझ्या नावानिशी, 2021 मध्ये निर्दोष. उत्तर आलेलं नाही. वकील म्हणतात उच्च न्यायालयात जाऊ, याचिकेत नाव झाकून ठेवण्याची विनंतीही करता येते. पूर्वी मी म्हणायचे, मुंबईला कोण हेलपाटे घालणार. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे, सांगली जिल्हा त्यात येतो, तेव्हा ते कारण उरलं नाही. तरी वकालतनाम्यावर अजून सही केलेली नाही. विनंती फेटाळली गेली तर माझ्या नावावर आणखी एक पान तयार होईल, आणि ते उच्च न्यायालयाचं असेल. करू की नको, ते ठरलं की सांगेन.